ठाण्याची परीक्षा कुणी घ्यावी?

यादवीतून किंवा परचक्रातून नुकत्याच सुटलेल्या कोणत्याही देशात परदेशी मदतीची जी पहिली गाडी येते, तिच्यात पोलीस-सुधारणेचे गाठोडे असतेच. काही वर्षांनी त्या सुधारणेचा अहवाल निघतो. अहवालात तक्ते असतात. इतके शिपाई प्रशिक्षित झाले, इतक्या गाड्या दिल्या, इतकी ठाणी बांधली, इतके गणवेश वाटले, मानवी हक्कांवर इतकी शिबिरे घेतली. शेवटी एक परिच्छेद असतो, की प्रगती समाधानकारक आहे, तथापि काही आव्हाने शिल्लक आहेत. माझे म्हणणे सरळ आहे. याला मूल्यमापन म्हणत नाहीत, मालाची पोचपावती म्हणतात.

आयुष्य शाळेत गेलेल्या माणसाला ही पोचपावती ओळखायला वेळ लागत नाही. तपासणीचा दिवस ठरला की फळे रंगवले जातात, गुंडाळलेले नकाशे भिंतीवर चढतात, हजेरीपट भरून निघतो. तपासणी अधिकारी 'समाधानकारक' असा शेरा मारून जातात. त्या शेऱ्यावरून पाचवीतल्या पोराला वाचता येते की नाही, हे कुणालाही कळत नाही. ते कळायचे तर पोराच्या हातात पुस्तकच द्यावे लागते. पोलिसांच्या बाबतीत पुस्तक हातात देण्यासारखी परीक्षा एकच आहे. ज्याच्या पाठीशी पैसा नाही, पक्ष नाही, जातभाईंची गर्दी नाही आणि बंदूकही नाही, असा माणूस फिर्याद घेऊन ठाण्याची पायरी चढतो का? आणि चढलाच, तर उतरताना काय घेऊन उतरतो? डळमळीत राष्ट्रांत गेल्या पाव शतकात पोलीस-सुधारणेवर अब्जावधी खर्च झाले. पण ही परीक्षा फार थोड्या ठिकाणी घेतली गेली. न घेतल्याची किंमत परीक्षकांनी मोजली नाही, त्या फिर्यादी माणसाने मोजली.

विषय दूरचा वाटेल. दोन भाषांच्या सीमेवर राहणाऱ्या आपणा मंडळींना तो तितका दूरचा नाही, हे पुढे येईलच. पण आधी जिथे ही चूक सर्वांत महाग पडली, तिथला हिशेब पाहू.

आठ आठवड्यांचा पोलीस

डिसेंबर २००१ मध्ये बॉन येथे अफगाणिस्तानविषयी करार झाला आणि पुढच्या वर्षी श्रीमंत राष्ट्रांनी त्या देशाच्या सुरक्षेची कामे आपापसांत वाटून घेतली. सैन्य अमेरिकेकडे, पोलीस जर्मनीकडे, न्यायव्यवस्था इटलीकडे, अफूबंदी ब्रिटनकडे आणि टोळ्यांची शस्त्रे उतरवण्याचे काम जपानकडे. पोलीस एकाकडे आणि न्यायालये दुसऱ्याकडे, या वाटणीतच पुढच्या अपयशाचे बीज होते. पोलिसाने चोर पकडायचा तो न्यायाधीशापुढे उभा करण्यासाठी. तालुक्याला न्यायाधीशच नसेल, तर पकडलेल्या चोराचे करायचे काय? पैसे घेऊन सोडा, नाहीतर बडवून काढा, एवढेच पर्याय शिल्लक राहतात. दोन्ही वापरले गेले.

जर्मनांनी काबूलची पोलीस अकादमी पुन्हा सुरू केली. अधिकाऱ्यांसाठी तीन वर्षांचा अभ्यासक्रम ठेवला. शिक्षण चांगले होते, पण या वेगाने देशभराचे दल उभे राहणार कधी, अशी ओरड सुरू झाली. मग २००३ पासून अमेरिकेने आपली वेगळी प्रशिक्षण केंद्रे काढली आणि तिथल्या शिकवणीचा ठेका डाइनकॉर्प या खासगी कंपनीला दिला. नव्या शिपायाला आठ आठवडे. लिहिता-वाचता न येणाऱ्याला पाच आठवडे. आधीपासून वर्दीत असलेल्याला दोन आठवडे.

वाचकहो, ही ओळ पुन्हा वाचा. ज्याला अक्षरओळख नाही, त्याला तीन आठवडे कमी! ज्या विद्यार्थ्याला जास्त शिकवायला हवे त्याला कमी शिकवायचे, कारण त्याला शिकवणे अवघड आणि तक्त्यात मात्र तो एक डोके म्हणूनच मोजला जाणार. आमच्या धंद्यात याला 'वर्ग पुढे ढकलणे' म्हणतात. पहिल्या काही वर्षांत भरती झालेल्यांत बहुसंख्य शिपाई निरक्षर होते. फिर्याद लिहून घेता येत नाही, गाडीचा क्रमांक टिपता येत नाही, अटकेचा कागद वाचता येत नाही, असा माणूस 'प्रशिक्षित पोलीस' या रकान्यात गेला. दलाची मंजूर संख्या आधी ६२ हजार होती, मग ८२ हजार झाली आणि शेवटी १ लाख ५७ हजारांवर गेली. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार, हा प्रश्न संख्या वाढवणाऱ्यांना पडला नाही.

उत्तम शेरा मिळालेला तालुका

आता गुणपत्रिका कशी लिहीत, ते पाहू. अमेरिकी सैन्याने अफगाण सैनिक व पोलीस तुकड्यांसाठी चार पायऱ्यांची श्रेणी ठरवली होती. पहिली श्रेणी म्हणजे ही तुकडी स्वतःच्या बळावर काम करू शकते. ही श्रेणी मिळण्यासाठी मंजूर संख्येच्या प्रमाणात माणसे हजर पाहिजेत आणि साहित्य पुरेसे पाहिजे, यावर मुख्य भर होता. म्हणजे ज्याने बंदुका दिल्या त्यानेच बंदुका मोजायच्या आणि आपण दिलेल्या बंदुका पोचल्या म्हणून स्वतःची पाठ थोपटून घ्यायची.

अमेरिकी काँग्रेसने अफगाण पुनर्बांधणीच्या खर्चावर लक्ष ठेवण्यासाठी २००८ साली एक खास महानिरीक्षक कार्यालय काढले. त्याला 'सिगार' म्हणत. स्वतःच्या सरकारचे वाभाडे काढणारी ही संस्था. तिचे कौतुक करावे तितके थोडे. २०१० साली सिगारने या श्रेण्यांचीच तपासणी केली. बगलान प्रांतातल्या बगलान-ए-जदीद या तालुक्याच्या पोलिसांना पहिली श्रेणी मिळालेली होती. तपासनीसांनी म्हटले, हे आदर्श ठाणे आम्हांला बघायचे आहे. त्यांना सांगण्यात आले, की तिकडे जाता येणार नाही. तालुका सुरक्षित नाही, बंडखोरांनी व्यापला आहे. तिथले पोलीस दल पार वाळून गेले असून जेमतेम चालते, असेही त्यांना ऐकावे लागले. कागदावर पहिला वर्ग आणि गावात परीक्षकालाच पाऊल टाकता येत नाही! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

त्याच तपासणीत आणखी एक गोष्ट उघड झाली. वरची श्रेणी मिळाली की परदेशी मार्गदर्शक व मदत कमी होई. त्यामुळे तुकडीला वर चढण्यात रस नव्हता आणि वरच्या साहेबांना तिला वर चढलेली दाखवण्यात पुरेपूर रस होता. पास झालेल्या मुलाची शिष्यवृत्ती बंद करा आणि नापासाची चालू ठेवा, मग काय होईल ते सांगायला शिक्षणतज्ज्ञ लागत नाही.

टीका झाल्यावर श्रेणीपद्धती बदलली. पुढे तीही बदलली. परीक्षेचे नाव दर काही वर्षांनी नवे होई आणि मागचे गुण पुढच्यांशी ताडून पाहता येत नसत. आणि २०१७ साली कळस झाला. दलाची संख्या किती, किती माणसे पडली, किती पळाली, कोणती तुकडी लायक आहे, हे बरेचसे आकडे अफगाण सरकारच्या विनंतीवरून गोपनीय ठरवण्यात आले. निकाल वाईट लागू लागला तेव्हा प्रगतिपुस्तकच कपाटात कुलूपबंद केले. बंदुका कुठे आहेत हे शत्रूला माहीत होते. माहीत होऊ नये असे जर कुणी होते, तर ते होते पैसे देणारा अमेरिकी करदाता आणि प्राण देणारी अफगाण रयत.

शिपायाला पगारवाढ झाली!

एक छोटी हकीकत सांगतो. तक्त्यांच्या ढिगाऱ्यात मला ती सर्वांत बोलकी वाटते. पोलिसांचे पगार मुख्यतः परदेशी निधीतून येत. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने त्यासाठी २००२ साली एक विश्वस्त निधी उभारला होता. पगार रोखीने वाटला जाई आणि वरून खाली झिरपताना प्रत्येक हात ओला होई. २००९ साली वर्दक प्रांतात पन्नासच्या आसपास पोलिसांचा पगार मोबाइल फोनवरून थेट त्यांच्या नावावर जमा करण्याचा प्रयोग झाला. पहिला पगार मिळाला तेव्हा काही शिपायांना वाटले, सरकारने आपला पगार वाढवला! वाढ वगैरे काही नव्हती. आजवर वरिष्ठ खात होते तो हिस्सा त्यांना पहिल्यांदाच मिळाला होता. एका अधिकाऱ्याने तर आपल्या माणसांचे फोन आणि गुप्त क्रमांक मागून घेऊन पगार उचलण्याचा घाट घातला. याच प्रयोगात काही नावे अशीही निघाली, की त्या नावांचा माणूसच अस्तित्वात नव्हता. पटावर मुलगा, वर्गात बाक रिकामा आणि पोषण आहार मात्र खर्ची पडलेला, अशा शाळा आपल्याकडे कुणी पाहिल्या नसतील असे नाही.

या हकीकतीत मूल्यमापनाचा एक धडा आहे. ज्या शिपायाचा पगार त्याचा साहेब खातो, तो शिपाई नाक्यावर उभा राहून काय करणार? ट्रकवाल्याकडून घेणार, भाजीवालीकडून घेणार, फिर्याद घेऊन आलेल्याकडून घेणार. कुंपणच शेत खाते, असे आपण म्हणतो. पण कुंपणाला वाळवी कुठून लागली ते पाहत नाही. मानवी हक्कांची शिबिरे शिपायांसाठी घेतली गेली. शिकवणीची खरी गरज होती ती पगारपत्रकावर सही करणाऱ्यांना.

या मधल्या काळात रयत काय करीत होती? जमिनीच्या बांधाचा, पाण्याच्या पाळीचा, देण्याघेण्याचा तंटा घेऊन ती तालिबानच्या न्यायालयात जात होती. तो न्याय क्रूर होता आणि बायकांच्या वाट्याला त्यात काय येई ते जगाला माहीत आहे. पण निकाल लवकर लागे आणि लाच कमी द्यावी लागे, म्हणून लोक जात. हा परीक्षेचा खरा निकाल होता. तो दर महिन्याला, प्रत्येक तालुक्यात, फुकट उपलब्ध होता. अहवाल लिहिणाऱ्यांनी त्यासाठी रकानाच ठेवला नव्हता.

१५ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल पडले. अफगाण सैन्य व पोलीस मिळून सुरक्षा दलांसाठी एकट्या अमेरिकेने तोवर सुमारे ८८ अब्ज डॉलर मंजूर केले होते.

'आधी सुरक्षा, मग सुधारणा'

यावर एक उत्तर ठरलेले असते आणि ते देणारी माणसे मूर्ख नसतात. ती म्हणतात, गुरुजी, तुमच्या फिर्यादीच्या गोष्टी शांत देशात ठीक आहेत. जिथे रोज बाँब फुटतात तिथे आधी बंदूक चालवणारा हवा. जबाब लिहिणारा नंतर बघू. आधी राज्य टिकले पाहिजे.

या युक्तिवादात अफगाण शिपायाच्या रक्ताचा अपमान आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. अफगाण पोलिसांना हलक्या शस्त्रांच्या पायदळासारखे वापरले गेले. कितीतरी वर्षे सैनिकांपेक्षा पोलीस अधिक संख्येने मारले जात होते. रस्त्याकडेच्या चौकीत सात-आठ शिपाई, ना चिलखती गाडी, ना मदतीला येणारी तुकडी. आपण २०१४ साली पदावर आल्यापासून सुरक्षा दलांतले ४५ हजारांहून अधिक जवान पडले, असे राष्ट्राध्यक्ष अश्रफ घनी यांनी २०१९ च्या जानेवारीत सांगितले. ही माणसे भेकड नव्हती. त्यांना पोलीस म्हणून भरती केले, शिपाईगिरी शिकवली नाही, सैनिक म्हणून मारले आणि तक्त्यात पुन्हा पोलीस म्हणून मोजले. गावाने त्यांना खबर दिली नाही, कारण गावाचे कोणतेही काम त्यांनी केलेले नव्हते. राज्य टिकवण्यासाठी जी पहिली गोष्ट लागते ती खबर. ती बंदुकीने मिळत नाही, बांधाच्या तंट्यात न्याय दिला तर मिळते. 'आधी सुरक्षा, मग सुधारणा' या घोषणेत क्रमच उलटा लागलेला आहे.

दुसरे उत्तर असते 'खमक्या अधिकाऱ्याचे'. हे आपल्या लोकांना फार आवडते. खमक्या फौजदार आला की तालुका सुतासारखा सरळ होतो, असे आपण ओट्यावर बसून म्हणतोच. कंदाहारचा पोलीसप्रमुख अब्दुल रझिक हा असाच खमक्या. त्याने कंदाहार शांत केले म्हणून परदेशी सेनाधिकारी त्याचे गोडवे गात. त्याच्या कोठड्यांत छळ होतो, माणसे बेपत्ता होतात, असे गंभीर आरोप वर्षानुवर्षे होत राहिले. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीने २०१७ मध्ये या आरोपांची नोंद घेतली. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्याची हत्या झाली. ऑगस्ट २०२१ मध्ये कंदाहार पडले. एका माणसाच्या दहशतीवर बांधलेली शांतता त्या माणसामागे तीन वर्षेही टिकली नाही. संस्था उभी राहिली की नाही, हे साहेब बदलल्यावर कळते. अहवाल मात्र साहेब खुर्चीत असतानाच लिहिले जातात.

काचेची ठाणी

मग कुठेच काही साधले नाही का? साधले, आणि ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जॉर्जिया हा काळ्या समुद्राकाठचा लहान देश. २००३ च्या अखेरीस तिथे शांततामय सत्तांतर झाले. तिथले वाहतूक पोलीस म्हणजे सरकारी परवान्याचे वाटमारे होते. नव्या सरकारने २००४ नंतर ते संपूर्ण खातेच मोडीत काढले, हजारोंना घरी पाठवले, नव्या गस्ती पोलिसांची भरती केली, पगार कित्येक पटींनी वाढवले आणि आतले सगळे दिसावे म्हणून काचेच्या भिंतींची ठाणी बांधली. रस्त्यावरची लाच जवळजवळ बंद झाली. सामान्य माणूस पोलिसाला हाक मारू लागला. जगभरच्या तज्ज्ञांनी पैकीच्या पैकी गुण दिले.

पण त्या गुणपत्रिकेत एक विषय गाळलेला होता. सरकारवर रुष्ट असलेल्या माणसाशी हे पोलीस कसे वागतात? नोव्हेंबर २००७ मध्ये राजधानी तिबिलिसीत निदर्शकांना झोडपून काढण्यात आले. सप्टेंबर २०१२ मध्ये तुरुंगातल्या कैद्यांच्या छळाची चित्रफीत दूरदर्शनवर झळकली आणि पुढच्याच महिन्यात ते सरकार निवडणूक हरले. त्यानंतर दुसरा पक्ष आला. २०२४ च्या अखेरीस पुन्हा तिबिलिसीच्या रस्त्यावर पोलीस निदर्शकांना मारत होते. भिंती काचेच्या झाल्या, पण लगाम मंत्र्याच्याच हाती राहिला. लाच थांबवणे ही अर्धी परीक्षा आहे. उरलेली अर्धी म्हणजे सत्तेला न आवडणाऱ्या माणसालाही ठाणे आपले वाटणे.

ही उरलेली अर्धी परीक्षा घेण्याचा प्रयत्न उत्तर आयर्लंडमध्ये झाला. ते डळमळीत राष्ट्र नव्हे, ब्रिटनसारख्या श्रीमंत राज्याचा भाग आहे. पण तीस वर्षांच्या हिंसाचाराने तिथली पोलीसव्यवस्था एका समाजापुरती पार मोडलेली होती. पोलिसांत कॅथलिक जेमतेम ८ टक्के, आणि कॅथलिक वस्तीत पोलीस म्हणजे शत्रू. १९९८ च्या करारानंतर क्रिस पॅटन यांच्या आयोगाने १९९९ साली १७५ शिफारशी केल्या. २००१ मध्ये दलाचे नाव बदलले; चिन्ह आणि गणवेशही बदलले. दहा वर्षे भरती निम्मी कॅथलिक, निम्मी इतर अशी झाली आणि प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास गेले. पण माझ्या मते या सगळ्याहून मोठी गोष्ट म्हणजे पोलिसांविरुद्धच्या तक्रारी घेणारा, पोलिसांच्या ताब्यात नसलेला, स्वतःचे तपासनीस असलेला स्वतंत्र लोकपाल. जानेवारी २००७ मध्ये या कार्यालयाने असा अहवाल दिला, की पोलिसांच्या गुप्त शाखेने खुनांत गुंतलेल्या आपल्याच खबऱ्यांना पाठीशी घातले होते. असा अहवाल आला की पोलिसांवरचा विश्वास उडेल, असे आपल्याकडचे कोणतेही गृहखाते म्हणेल. घडले काय? त्याच महिन्यात, अवघ्या काही दिवसांनी, पिढ्यान्‌पिढ्या पोलिसांना न मानणाऱ्या शिन फेन पक्षाने पोलीसव्यवस्था मान्य करण्याचा ठराव केला. या दोन घटनांत कार्यकारणभाव लावण्याची घाई मी करीत नाही. पण पोलिसांचा दोष चव्हाट्यावर आल्याने समेट मोडला नाही, एवढे तर दिसते. परीक्षक बाहेरचा होता आणि प्रश्नपत्रिका फिर्यादीची होती.

सात अक्षरांची पाटी

आता आपल्या दाराशी येतो, पण बोस्नियाच्या वाटेने. १९९५ च्या अखेरीस तिथले युद्ध थांबले. संयुक्त राष्ट्रांचे सुमारे दोन हजार निःशस्त्र पोलीस निरीक्षक तिथे गेले. त्यांनी स्थानिक पोलिसांची छाननी केली, युद्धात हात रंगलेल्यांना काढले. काम मोलाचे होते. पण सामान्य माणसाची कोंडी वेगळीच होती. प्रत्येक समाजाच्या प्रदेशाची गाडीची पाटी वेगळी. पाटी पाहिली की गाडीवाला कोणाचा ते कळे आणि पलीकडचा पोलीस त्याला अडवी. लोक पलीकडे जाईनातच. १९९८ साली सर्वांना एकसारखी पाटी देण्यात आली. तिच्यावर फक्त अशी सात अक्षरे घेतली, जी लॅटिन आणि सिरिलिक या दोन्ही लिप्यांत सारखीच दिसतात. पाटीवरून माणूस ओळखता येईना, तेव्हा गाड्या सीमारेषेपलीकडे जाऊ लागल्या. किती शिपाई शिकवले यापेक्षा किती गाड्या बिनधास्त पलीकडे गेल्या, हा तिथला खरा आकडा होता.

दोन लिप्यांच्या प्रदेशात राहणाऱ्या आपणांस हे समजावून सांगायला नको. ६ डिसेंबर २०२२ रोजी बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी नाक्यावर महाराष्ट्राच्या पाटीच्या ट्रकांवर दगड पडले आणि तिकडे पुण्यात कर्नाटकाच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. दोन्हीकडे चालक हा पोट भरायला निघालेला माणूस होता. भारत डळमळीत राष्ट्र नाही आणि बेळगाव म्हणजे बोस्निया नव्हे. तशी तुलना करणे म्हणजे दोन्हीकडच्या माणसांचा अवमान. पण पाटी पाहून दगड उचलला जातो तेव्हा पोलीस काय करतो, ही परीक्षा दोन्हीकडे एकच आहे.

आणखी एक धागा आहे. आपले पोलीस ज्या १८६१ च्या कायद्याने घडले, तो १८५७ नंतर आला आणि त्याच्यामागे आदर्श होता आयर्लंडमधल्या सशस्त्र पोलीस दलाचा. रयतेवर वचक ठेवणारे, सरकारला जबाबदार असलेले दल. आयर्लंडच्या त्या साच्याचा उत्तरेत उरलेला वारसाही २००१ मध्ये मोडला गेला. आपल्याकडे १९७७ साली राष्ट्रीय पोलीस आयोग बसला, १९९६ मध्ये निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २२ सप्टेंबर २००६ रोजी न्यायालयाने सात निर्देश दिले. त्यांतला एक होता राज्यात आणि जिल्ह्यात पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी प्राधिकरण. म्हणजे बाहेरचा परीक्षक! अंमलबजावणी पाहण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती थॉमस समितीने २०१० मध्ये राज्यांच्या उदासीनतेबद्दल खेद व्यक्त केला. कित्येक राज्यांनी आपापले कायदे केले ते निर्देश पाळण्यापेक्षा ते बोथट करण्यासाठी. आपल्या जिल्ह्यात असे प्राधिकरण आहे का, त्याचे कार्यालय कुठे, हे किती वाचक सांगू शकतील?

आणि भाषा. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे कोणाही माणसाला आपले गाऱ्हाणे संघराज्यात वा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत अधिकाऱ्यापुढे मांडता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमातही, तोंडी दिलेली फिर्याद लिहून घेऊन ती फिर्यादीला वाचून दाखवावी, तिची सही घ्यावी, प्रत फुकट द्यावी, हे जुन्या कायद्यातले बंधन कायम आहे. पण वाचून दाखवायची कोणत्या भाषेत? खानापूरच्या आडगावातली मराठी म्हातारी कन्नडात लिहिलेल्या फिर्यादीवर अंगठा उठवते आणि जत किंवा अक्कलकोटच्या बाजूचा कन्नड शेतकरी मराठीतल्या कागदावर सही करतो, तेव्हा वाचून दाखवण्याचा रकाना भरतो; परीक्षा मात्र होत नाही. आपल्या भाषेसाठी भांडताना आपण हा हक्क पलीकडच्यासाठीही मागितला पाहिजे. नाहीतर आपले भांडण न्यायाचे राहत नाही, नुसत्या पाटीचे उरते.

तेव्हा यापुढे काबूलचा असो, तिबिलिसीचा असो वा आपल्या जिल्ह्याचा, पोलीस-सुधारणेचा अहवाल समोर आला की गाड्यांचे आणि कॅमेऱ्यांचे तक्ते बाजूला ठेवावेत आणि चार गोष्टी विचाराव्यात. अल्पसंख्य भाषेचा, धर्माचा, जातीचा माणूस वर्षभरात किती वेळा आपणहून ठाण्यात आला? त्याची फिर्याद त्याला कळेल अशा भाषेत लिहिली का? पोलिसाविरुद्धच्या तक्रारीची चौकशी पोलिसाबाहेरच्या कुणी केली का? आणि मागचा साहेब बदलून गेल्यावरही यातले काय टिकले? ज्या अहवालात या चारांची उत्तरे नाहीत, त्याच्यावर 'समाधानकारक' हा शेरा मारणाऱ्याला माझ्या शाळेत मी पाचवीच्या वह्यासुद्धा तपासायला देणार नाही.